मधली भिंत

दत्तारामने नारळ कानाशी नेऊन हलवला, आत पाणी वाजतंय याची खात्री केली आणि रूपेशच्या उंबऱ्यापुढे मांडलेल्या विड्याशेजारी तो ठेवला. मागे रस्त्यावर जेसीबी धडधडत उभा होता.

"बंद कर रे तो," दत्ताराम चालकावर खेकसला. "देवाला काय ऐकू जायचं ह्या धडधडीत?"

रूपेशने हात केला तसं इंजिन थांबलं. मिरकरवाड्याकडून मासळीच्या लिलावाचा गलका ऐकू येऊ लागला. जमलेली माणसं जराशी पुढे सरकली.

ही एकेकाळी पाच घरांची ओळ होती. इंग्रजांच्या अमदानीत कुणा साहेबाने बंदरावरच्या कारकुनांसाठी ती बांधून घेतली, म्हणून साहेबाची ओळ. त्याच्या मुलखात म्हणे घरं अशीच खांद्याला खांदा लावून उभी असतात. पुढून अरुंद, मागे लांबच लांब, वर एक माडी. दरवाजे सगळे एकसारखे आणि प्रत्येक दरवाजावर रंगीत काचांची अर्धगोल खिडकी. नकाशा साहेबाचा होता, पण हात इथल्या गवंड्यांचे. त्यांनी विटांच्या जागी जांभ्याचे चिरे लावले, सपाट तोंडापुढे पडवी काढली, वर उतरती कौलं घातली. नाहीतर कोकणातल्या पावसाने साहेबाची अब्रू एका वर्षात धुऊन नेली असती. एक गोष्ट मात्र त्यांनी नकाशाबरहुकूम केली. दोन घरांच्या मध्ये भिंत एकच घातली. अलीकडच्या घराच्या तुळया तिच्यातच शिरलेल्या आणि पलीकडच्याही तिच्यातच.

तीन घरं केव्हाच गेली, तिथे लॉज झालं. उरली दोन. एक रूपेशचं, दुसरं अगदी टोकाचं दत्तारामचं. त्यातलं रूपेशचं आज पडायचं होतं.

तसा रूपेशचा तरी काय दोष? माडीला वाळवी लागलेली, पोरं मोठी झालेली. खाली दुकान आणि वर ऐसपैस राहायला, एवढंच त्याच्या मनात होतं. पण कागदावर त्याची हद्द मधल्या भिंतीच्या मधोमध पडत होती आणि त्याला आपल्या वाट्याची अर्धी भिंत कापून तेवढी जागा हवी होती. तिथेच घोडं अडलं. दत्तारामच्या तुळयांना टेकू देऊ, असं पाडकामाचा मुकादम म्हणत होता. पण उभी चिरलेली भिंत पुढे किती पावसाळे काढील, असं विचारलं की तो तंबाखू मळायला लागायचा. शेवटी डोंबिवलीहून दत्तारामच्या मुलाचा, रितेशचा फोन आला, "बाबा, आईला घेऊन इकडेच या आता." जन्मभर मासेमारीच्या मचव्यावर तांडेलकी केलेला दत्ताराम त्या दोन खोल्यांत बसून काय करणार होता? त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं.

तो रूपेशशी भांडला. चारचौघांत, अगदी तारस्वरात भांडला. रूपेशने खालमानेने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, सगळं कायदेशीर हाय." त्याची आई राही तेव्हा दारात उभी होती. "भिंत राहू दे रे," एवढंच ती म्हणाली.

"आई, तुला त्यातलं कळत नाय."

राही आत गेली आणि तिने दोघांसाठी चहा ठेवला.

आणि आज त्याच घरासाठी गाऱ्हाणं घालायचं होतं दत्तारामला! घराला हात लावण्याआधी ओळीतल्या वडीलधाऱ्याने जागेच्या देवाला सांगायचं, ही इथली रीत. निघताना बायकोने, हिराने त्याला अडवलं होतं.

"आपलं घर मोडायला निघालाय तो, नि तुम्ही त्याच्या नारळाला हात लावताय?"

"मी नाय गेलो तर कोण घालील?"

"मग निदान भिंत तरी मागून घ्या."

"घालणाऱ्याने स्वतःसाठी मागायचं नसतं गो."

हिराने तोंडाला पदर लावला. तो टोपी घालून बाहेर पडला.

आता त्याने उंबऱ्यापुढे हात जोडले. आवाज जुनाच लागला, वाऱ्यावरून हाका मारायचा.

"या जागेच्या, या वाटेच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"रावजीचा लेक रूपेश आज जुनी वास्तू उतरवून नवी उभी करतोय. ह्या घरात जन्मले, ह्या घरातून गेले, त्या सगळ्यांना त्याने हात जोडलेत. ते मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कामाला जे हात लावतील, त्यांच्या जिवाला इजा होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नव्या घरात त्याची पोरंबाळं सुखाने नांदू देत. काय चुकलंमाकलं असेल ते पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

दत्ताराम थांबला. आता हा भिंतीचं काढणार, हे सगळ्यांनाच वाटत होतं. रूपेशचे खांदे ताठ झाले होते. शेजारच्या पडवीत हिरा खांबाला धरून उभी होती. दत्तारामने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने नुसती मान हलवली आणि जोडलेले हात खाली घेतले.

रूपेशला हायसं वाटलं. काका मोठ्या मनाचे निघाले, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला थोडी लाजही वाटली. डोळे मिटून तो पुन्हा एकदा देवाला नमस्कार करू लागला.

"आणि म्हाराजा!"

आवाज बाईचा होता. बायकांनी गाऱ्हाणं घातल्याचं त्या आळीत कुणी ऐकलं नव्हतं. राही दाराच्या आतून पुढे आली होती, डोक्यावर पदर, हात जोडलेले.

"मधली भिंत दोन्ही घरांची हाय. ती हाय तशी, पुरती, उभी राहू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून शिकलेला तो जबाब रूपेशच्या तोंडून सगळ्यांत मोठ्याने निघाला.

मग त्याने डोळे उघडले.

कुणी हसलं नाही. मुकादम कधी त्याच्याकडे, कधी राहीकडे बघत राहिला.

"आई," रूपेश हळू आवाजात म्हणाला, "हे बरं नाय केलंस तू."

"मी काय केलं?" राही म्हणाली. "मी नुसतं मागितलं. व्हय तू म्हणालास."

रूपेशचा चेहरा लाल झाला. मुकादमानेच विचारलं, "शेट, सुरुवात कुठून करायची?"

"लॉजच्या बाजूने," तो म्हणाला. "आणि हिकडच्या भिंतीजवळ मशीन आणायचं नाय. तिथलं सगळं हाताने काढा."

गाऱ्हाणं घालणारा कधी व्हय म्हणत नसतो, ते बाकीच्यांचं काम. दत्तारामने डोळे पुसले आणि सगळे पांगल्यावर, एकट्यानेच, हळूच म्हटलं, "व्हय म्हाराजा."