ऑगस्टच्या चार चुका

वर्षातून एक दिवस गॅरेट लिंडक्विस्ट मन लावून ढ व्हायचा.

तो दिवस ऑगस्टमधला. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाचा सराव सुरू होण्याआधी संघाच्या डॉक्टरीणबाई एकेका खेळाडूला संगणकासमोर बसवायच्या. पडद्यावर वीस शब्द यायचे नि जायचे, मग थोडी आकडेमोड, थोडी चित्रं, आणि शेवटी प्रश्न, मघाचे शब्द कोणते? हे झालं निरोगी डोक्याचं माप. पुढे खेळताना डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा द्यायची. माप जुळलं तर मैदानात, नाहीतर घरी. आता ऑगस्टमध्येच माप जरा कमी भरवून ठेवलं तर जानेवारीत ते गाठायला सोपं जातं, एवढी अक्कल या धंद्यात प्रत्येकाला असते. गॅरेट क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सांगून पास फेकणारा खेळाडू. पहिल्या वर्षी एका मुरलेल्या क्वार्टरबॅकने त्याला कानात सांगितलं होतं, "चार चुका कर. जास्त केल्यास तर बाईंना वास लागेल." गॅरेट गेली बारा वर्षं नेमाने चार चुका करत आला होता. त्याचे पास कधी कधी प्रतिस्पर्ध्याच्या हातात पडले असतील, पण या नेमात खंड नव्हता.

गेल्या रविवारी साखळीतला शेवटचा सामना होता. सव्वाशे किलोच्या एका गड्याने त्याला मागून उचललं आणि गोठलेल्या मैदानावर आपटलं. गॅरेट उठला, हेल्मेट नीट केलं आणि तरातरा चालत समोरच्या संघाच्या बाकाकडे निघाला. टीव्हीवाल्यांनी ते पाच वेळा दाखवलं.

सामना मात्र संघाने जिंकला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच बाद फेरीचा सामना घरच्या मैदानावर आला. येत्या रविवारी. तळ्याकाठचं ते सगळं गाव वेडं झालं होतं, पाववाल्यानेसुद्धा संघाच्या रंगाचे डोनट काढले होते. गॅरेट पस्तिशीचा. करार याच हंगामात संपत होता, आणि बदली क्वार्टरबॅक तेवीस वर्षांचा, तोफेसारखा हात असलेला. या खेळात एकदा जागा सोडली की ती परत मिळत नाही, हे गॅरेटला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने स्वतः अशीच दुसऱ्याची जागा घेतली होती.

गुरुवारी सकाळी तो परीक्षेला बसला तेव्हा त्याला फारशी काळजी नव्हती. चार चुकांची उशी होतीच. तरी धोका नको म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या परीक्षेसाठी जीव तोडून मेहनत घेतली. प्रत्येक शब्द मनात दोनदा म्हटला. कंदील, पूल, लोणी, शिडी. शेवटी विचारलं तेव्हा काही शब्द आले आणि काही आलेच नाहीत. नुसती जागा होती, शब्द नव्हता.

डॉक्टर हॅलोरननी निकाल पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला. त्या त्याला बारा वर्षं ओळखत होत्या.

"ऑगस्टला होतास तसाच आहेस," त्या म्हणाल्या. "अगदी तंतोतंत. रविवारी खेळ."

गॅरेट हसला, आभार मानले, बाहेर आला आणि गाडीत बसून राहिला. ऑगस्टला तो सोंग करत होता. आज तर त्याने एकही चूक मुद्दाम केली नव्हती. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही म्हणतात. पण सोंग घेता घेता खरीच झोप लागली असेल तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नाही. त्याला भीती वाटली. खेळात कधी वाटली नव्हती अशी भीती.

मग त्याने स्वतःची समजूत घातली. बारा वर्षांची खोड आहे, चुका आपोआप झाल्या असतील. चार शब्द तर आहेत, कुणालाही सुटतात.

घरी कोरीन, त्याची बायको, राजमा-खिम्याच्या चिलीच्या पातेल्यात चमचा फिरवत होती. बातमी ऐकून तिने त्याला मिठी मारली आणि मग पटकन डोळे पुसले. जेवताना तो सहज विचारल्यासारखं म्हणाला की फ्रिजवर लावलेली वाणसामानाची यादी जरा वाच, बघू मला किती आठवतं. तिने वाचली. त्याने म्हणून दाखवली. ती बोटांवर मोजत राहिली.

"कांदे, मेणबत्त्या, खोकल्याचं औषध, बटाटे राहिले. आणि बरंच काही."

"बरंच म्हणजे किती?"

"म्हणून तर यादी लिहितात ना, बाबा." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "गॅरेट, तू मला खरं सांगतोयस ना?"

"डॉक्टरांनी पास केलंय मला," तो म्हणाला. यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच त्याला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सराव झाला. हवेत तळ्याकडून बोचरं वारं होतं. प्रशिक्षक बाजूला उभे राहून डाव सांगत होते आणि तो गॅरेटच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येत होता. एकेका डावाचं नाव म्हणजे मालगाडी, दहा-बारा शब्दांची. ती जशीच्या तशी रिंगणात उभ्या दहा जणांना सांगायची, हे क्वार्टरबॅकचं काम. गॅरेटने सुरुवात केली. पहिले सात शब्द आले. आठव्याच्या जागी कालच्यासारखीच नुसती जागा होती. दहा तोंडं त्याच्याकडे बघत होती.

तेवढ्यात सिओनेने उरलेलं शेपूट सांगून टाकलं, गाण्याची ओळ पुरी करावी तसं. सिओने म्हणजे संघाचा सेंटर, पुढे ओणवा राहून पायांतून चेंडू मागे देणारा. एकशेचाळीस किलोचा माणूस, रविवारी सामना नसला की चर्चमध्ये गायचा. प्रत्येक डावाची सुरुवात ऐकली की शेवट त्याला पाठ असे. रिंगण फुटलं, सगळे जागेवर गेले, कुणाला काही जाणवलं नाही.

सराव संपल्यावर गॅरेट त्याच्या शेजारी जाऊन बसला. सिओने बोटांवरच्या पट्ट्या सोडत होता.

"आज वाचवलंस, भावा."

"आज?" सिओनेने मान वर केली. त्याला वाटलं गॅरेट गंमत करतोय. मग त्याच्या लक्षात आलं की तसं नाही. "म्हाताऱ्या, ऑक्टोबरपासून शेवटचं मीच सांगतोय. मला वाटलं आपलं तसं ठरलंय. तुला माहितीये."

गॅरेटला माहीत नव्हतं. ऑक्टोबरात तर त्याला कुणी आपटलं नव्हतं.

तो बूटही न काढता डॉक्टर हॅलोरनच्या खोलीत गेला. बुटांखालच्या खिळ्यांचा टकटक आवाज होत होता. त्याने दार लावलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं की ऑगस्टच्या परीक्षेत तो मुद्दाम चुकतो, आणि काल मुद्दाम चुकला नाही. सांगताना त्याला शाळेत हेडबाईंसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं. जागा गेली, रविवार गेला, हे त्याला बोलतानाच कळत होतं.

डॉक्टरांना धक्का बसला नाही. असं करणारा तू पहिला नाहीस, एवढंच त्या म्हणाल्या. मग विचारलं, "किती चुका करायचास?"

"चार. दर वर्षी चारच. एकही जास्त नाही."

"नक्की?"

"तेवढं तरी मला नीट येतं."

डॉक्टरांनी संगणकावर काहीतरी शोधलं. बराच वेळ त्या वाचत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मी दर वेळी त्याच वर्षीच्या ऑगस्टशी ताडून बघत आले," त्या म्हणाल्या. "मागची वर्षं शेजारी शेजारी ठेवून कधी बघितलीच नाहीत. ही माझी चूक." आणि त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला.

खेळाडूंना गुण कधी दाखवत नसत. गॅरेट पहिल्यांदाच ते आकडे बघत होता. पहिल्या वर्षी चार चुका. दुसऱ्या, तिसऱ्या, पार सातव्या वर्षापर्यंत चार. मग पाच. पुढची दोन वर्षंही पाच. मागच्या ऑगस्टला सहा. या ऑगस्टला सात. आणि सगळ्यात खाली, काल, सात.

त्याने उजवा हात वर केला, एवढ्या वर्षांत चेंडू फेकून सुजलेला, आणि चार बोटं मिटली.

"चार माझ्या," तो म्हणाला. ऑगस्टच्या उरलेल्या तीन, आणि कालच्या सातही, कुणाच्या ते त्याला म्हणवेना.

डॉक्टरांनी त्याला खेळायची परवानगी दिलेला कालचा कागद काढला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. कोरीनला मी फोन करू का, असं त्यांनी हळूच विचारलं. तो म्हणाला, नको, मीच सांगतो. त्याने फोन हातात घेतला, पण लावला नाही. काय काय सांगायचं ते आधी दोनदा मनाशी घोकून घेतलं, म्हणजे मध्येच विसरायला नको.