हात दाखवून

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं काचा घासल्या, एवढंच. पण हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारीवाल्यांच्या, क्लबात जो कोणी मोर्सची बिंदू-रेघांची लिपी शिकला तो त्यांच्याच हाताखाली, म्हणून लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणत. सोळाव्या वर्षी रेडिओचा परवाना मिळाला त्याला आता पन्नास वर्षं झाली होती, म्हणून क्लबाने रविवारी सकाळी त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या आठवड्यात मास्तरांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

सत्काराचं एवढं काही नव्हतं, कौतुक कुणाला नको असतं? भानगड पाहुण्यांची होती. क्लबाची सेक्रेटरी दातांची डॉक्टर, धरलेलं सोडायची तिला सवय नव्हती. तिने चार महिने खटपट करून दीपगृहवाल्या आजोबांना शोधून काढलं होतं. मास्तरांना वाटलं होतं, ते केव्हाच गेले असतील. खरं सांगायचं तर तशी आशाच होती, आणि आपण एका भल्या माणसाच्या मरणावर भरवसा ठेवून होतो, याचीही त्यांना आता लाज वाटत होती.

या दीपगृहवाल्याची गोष्ट ऐकल्याशिवाय क्लबात कोणाचं शिक्षण पुरं होत नसे. तरुणपणी हा गृहस्थ समुद्रातल्या एका खडकावर दिवा राखायचा. दर रविवारी सकाळी तो मोर्सवर मास्तरांशी बोलायचा, आणि असं दोन वर्षं चाललं. बोलण्याची पोच म्हणून त्याने वेळोवेळी पाठवलेली एकेचाळीस कार्डं क्लबाच्या भिंतीवर लावलेली होती. त्यातल्या शेवटच्या कार्डावर लिहिलं होतं, ‘तुझा हात मी हजारांत ओळखेन.’ बिंदू-रेघा वाजवण्याची प्रत्येकाची लय वेगळी, अक्षराच्या वळणासारखी. हॅम लोक तिलाच हात म्हणतात. कितीही ठरवलं तरी दुसऱ्याचा हात कोणाला काढता येत नाही.

आणि तो हात मास्तरांचा नव्हताच. तो ताईचा होता.

परीक्षा मास्तर कसेबसे पास झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांच्या हाकेला कुणीतरी उत्तर दिलं. पाठ केलेली अक्षरं चिमण्यांसारखी भुर्र उडाली. त्याच खोलीत दोन वर्षांनी मोठी ताई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. भावाची वर्षभराची टकटक ऐकून सगळी लिपी तिच्या कानात बसली होती. ती उठली, म्हणाली, “सरक.” आणि खुर्चीवर बसून तिने उत्तर दिलं.

तेव्हापासून मोर्स वाजवायच्या खटक्यावर ताई आणि वहीत लिहून घ्यायला हे. कार्डं आली ती यांच्या नावावर. बिनपरवान्याने वाजवणं नियमाबाहेरचं, म्हणून ती बाहेर कुठे अवाक्षर बोलली नाही. दोन वर्षं होत आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. माझ्यासाठीही परवान्याचा एक फॉर्म आण, म्हणाली.

हे कचेरीत गेले. खिडकीपाशी फॉर्मांचा गठ्ठा होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता. पण ताईला स्वतःची कॉलसाइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारं हाकेचं नाव, मिळाली, तिने तिच्यावरून हाक दिली, की सगळी दुनिया तो हात ओळखणार आणि आपली लाज जाणार. हे तसेच घरी आले आणि म्हणाले, मुदत संपली. ताई म्हणाली, बरं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. दीपगृहवाल्याला यांनी कळवलं की सेट बिघडला आहे.

मग मास्तर खरोखर शिकले. तीन वर्षं घासून घासून स्वतःचा हात तयार केला, आणि चांगला केला. पुढे केलेलं सगळं काम त्यांचंच. पण सांगायला गोष्ट मात्र तीच, दीपगृहाची. आयत्या बिळावर नागोबा, तोही पन्नास वर्षं.

रविवारी क्लबाचा हॉल भरला. ताईला मास्तरांनी बोलावलं नव्हतं, सेक्रेटरीने बोलावलं. ती तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आजोबा काठी टेकत आले, मास्तरांकडे बघून हसले आणि म्हणाले, आधी तोंडाने बोलायचं नाही, आपलं बोलणं जसं व्हायचं तसंच होऊ दे. सेक्रेटरीने खटका आणि बझर टेबलावर आणून ठेवलेच होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची असते. मास्तरांनी ती उघडली आणि वाजवलं, ‘आपलं स्वागत आहे.’ असं स्वच्छ की मागच्या रांगेतल्या शिष्यांनी माना डोलावल्या.

आजोबांनी डोळे मिटून ऐकलं, मग उघडले.

“सुरेख आहे,” ते म्हणाले. “पण हा तो हात नाही.”

मास्तर म्हणाले, वय झालं आता. आजोबा समजुतीने म्हणाले, वयाने हात मंदावतो, बदलत नाही. मास्तर कानकोंडे होऊन खटक्याकडे बघत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

“मनगट मोडलं होतं त्याचं,” ताई म्हणाली. “जिन्यावरून पडला होता. तेव्हापासून हात असा झाला.”

असं होय, म्हणत आजोबांनी मान हलवली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरीने मानचिन्ह उचललं. मास्तर वाचले होते. फक्त हसून मान तुकवायची होती, की गोष्ट कायमची त्यांची झाली असती.

पण स्वतःचं खोटं पन्नास वर्षं पचलं होतं, ताईचं खोटं घशाखाली उतरेना. जिचं हिरावलं तीच आज, अडुसष्टाव्या वर्षी, चार लोकांत आपल्यासाठी खोटं बोलली होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात अजून खटक्यावरच होता.

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. ‘तो हात ताईचा. मी फक्त लिहून घेत होतो.’ शिष्यांना त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळली. सेक्रेटरीने मानचिन्ह परत टेबलावर ठेवलं. मास्तरांनी वर न बघता पुढचंही वाजवलं, जे आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. ‘कचेरीत फॉर्म होते. मुदत संपली नव्हती.’

ताई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश चालत टेबलापाशी आली.

“फॉर्मचं मला तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “सरक.”

मास्तर सरकले. उभं कुठे राहावं हे त्यांना समजेना, म्हणून ते भिंतीवरच्या कार्डांखाली जाऊन उभे राहिले.

ताईने रुमालाने बोटं पुसली. हात गंजला होता, पहिलं अक्षर चुकलं, तिने ते पुन्हा घेतलं. आजोबांनी डोळे मिटले, आणि काठीवरची त्यांची बोटं तिच्याबरोबर हलू लागली.

हाक देताना आधी आपली कॉलसाइन सांगायची असते. ताईने मास्तरांची सांगितली. तिच्याजवळ दुसरी नव्हती.