रोज दवाखान्यात जाणारा सदरा

घुम्याच्या पोरीनं सकाळपासून तिसऱ्यांदा दूध थुंकून टाकलं, आणि या खेपेला ते थेट न्हाव्याच्या धुतलेल्या कपड्यांवर उडालं.

"अरे, बाटली अशी उभी काय धरतोस? झाडाला पाणी घालतोयस का?" न्हावी कपडे झटकत ओरडला.

"मग तू धर."

"मी? मला चार पोरं आहेत लेका, पण एकाच्याही तोंडाला मी कधी बाटली लावली नाही. मी कामावरून यायचो तेव्हा पोरं जेवून झोपलेली असायची."

बोलणं घुम्याच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून तर लहानपणी विहिरीत पोहायला शिकताना दोस्तांनी त्याचं नाव घुम्या पाडलं होतं आणि पुढं खरं नाव त्याच्या आईशिवाय कुणी वापरलंच नाही. मान खाली घालून त्यानं पुन्हा बाटली पोरीच्या ओठांना लावली. पोरीनं तोंड घट्ट मिटलं, मान फिरवली आणि असा टाहो फोडला की पलीकडच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

गोष्ट तशी फार जुनी आहे. तेव्हा फोन म्हणून काही माहीत नव्हतं, आणि शहराला जायचं तर रोज सकाळी जाणारी दुधाची गाडी तेवढी होती. त्याच गाडीतून तीन दिवसांपूर्वी घुम्याच्या बायकोला दवाखान्यात नेलं होतं. बाळंतपणाला चार महिने झाले तरी तिला दम लागायचा. विहिरीवरून घागर आणली की ती दाराशीच मटकन बसायची. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हृदय थकलंय, कॉटवरून उठायचं नाही, आणि औषधं कडक आहेत तेव्हा मुलीला अंगावर पाजायचं नाही. तान्ह्या पोरांना तर त्या वॉर्डात पायही ठेवू देत नव्हते. बायकोला आत नेतानाच घुम्यानं वॉर्डाच्या पायरीवर पोरीला तिच्याकडून घेतलं आणि गाडीत बसून परत आला.

तेव्हापासून पोरगी दूध घेत नव्हती. चमच्यानं घशाखाली ढकललेले चार घोट काय ते पोटात जायचे, त्यातले निम्मे बाहेर यायचे. पहिल्या दिवशी ती जोरात रडली, दुसऱ्या दिवशीही रडली. आज मात्र रडता रडता मध्येच थांबायची आणि नुसती बघत राहायची.

"टाळू बघ तिची," मेंढपाळ हळूच म्हणाला. तो आतापर्यंत काठीवर हनुवटी टेकून गप्प बसला होता. "खाली गेलीय. आणखी एक दिवस असं चालायचं नाही."

"ते मला दिसत नाही का?" घुम्या एकदम खेकसला. खेकसून झाल्यावर त्याचे डोळे भरून आले, तेव्हा तिघा दोस्तांनी तीन दिशांना माना वळवल्या.

तिसरा दोस्त म्हणजे दूधगाडीवाला. त्यानं घसा खाकरला. "वहिनीनं आज काय विचारलं माहितीये? मी नुसता खिडकीत उभा राहिलो तर म्हणाली, पोरगी प्यायली का? स्वतःचं एक अक्षर बोलली नाही."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, पितेय की, गटागटा. तिला पटलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडली. नर्सबाई म्हणत होत्या, ताट तसंच परत जातं."

मेंढपाळ उठला, पोरीजवळ उकिडवा बसला, तिच्या नाकापुढं बोट नेलं, मग घुम्याचा दंड हुंगला आणि तोंड वाकडं केलं.

"तुझ्या अंगाला तंबाखू आणि खताचा वास मारतोय. कोकरू आधी नाकानं ओळखतं, मग तोंड उघडतं. आई मेलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं तर आम्ही तिच्या मेलेल्या पिलाचं कातडं त्याच्या पाठीवर बांधतो. वहिनीचं न धुतलेलं काही आहे का घरात?"

"माझी पोरगी म्हणजे कोकरू आहे का?"

"कोकरू असती तर एव्हाना प्याली असती. तू आत जा आणि बघ."

दाराच्या मागं खुंटीला तिचा कामाचा सदरा होता. खरं तर तो घुम्याचाच. कॉलर फाटली म्हणून त्यानं टाकून दिलेला. तिनं तो उचलला आणि शेतात जाताना कपड्यांवरून घालायला लागली. बाह्या दुमडलेल्या, समोर दुधाचे वाळलेले डाग, खांद्यावर कांद्याच्या पातीचा हिरवा रंग. घुम्यानं तो नाकाला लावला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला.

मग त्यानं तो अंगात घातला. मेंढपाळाच्या सांगण्यावरून तिचा फुलाफुलांचा रुमालही डोक्याला बांधला. त्या रुमालाखालून झुपकेदार मिशा घेऊन तो बाहेर आला तेव्हा न्हावी हसून हसून जमिनीवर बसला.

"अगं बाई, केव्हा आलीस माहेराहून? मिशा काढायच्या राहिल्या वाटतं! ये, खुर्चीत बस."

"गप रे," मेंढपाळ म्हणाला.

घुम्यानं पोरीला छातीशी घेतलं. तिनं आधी रडत रडत मान इकडंतिकडं केली. मग नाक सदऱ्यात खुपसलं. घुसमटल्यासारखे एक-दोन हुंदके दिले, आणि चाचपडत तोंड उघडलं. घुम्यानं बाटली लावली. पोरगी प्यायली. मूठभर सदरा धरून, डोळे मिटून, घामेजून जाईपर्यंत प्यायली.

न्हाव्याचं हसू केव्हा थांबलं ते त्यालाही कळलं नाही.

त्यानंतर चार दिवस बरे गेले. दर बाटलीला घुम्या दार लोटून घ्यायचा, सदरा चढवायचा, पाजायचा आणि सदरा पुन्हा खुंटीला. दोस्तांना त्यानं बजावून ठेवलं होतं की हे कुठं बोलायचं नाही. गावानं ऐकलं असतं तर त्याला जन्मभर पुरलं असतं.

पाचव्या दिवशी त्याची मोठी बहीण आली. आक्का म्हणजे कामाला वाघ. पदर खोचायच्या आधीच तिनं घरावर नजर फिरवली आणि कपाळाला हात लावला. "अरे, माणसं राहतात का इथं? तू जा शेतावर. कांदे काढणीला आलेत, आभाळाचा भरवसा नाही. पोरीला आणि घराला मी बघते."

घुम्या गेला. पहिल्यांदाच निर्धास्त मनानं गेला. जमीन कडक झाली होती, एकेक कांदा खुरप्यानं सैल करून उपटावा लागत होता. पण त्या दिवशी त्याचा हात चालला. दुपारी तो घरी परतला तर लांबूनच अंगणातली दोरी दिसली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कपडे. दुपटी, चादरी, उशांचे अभ्रे. आणि मधोमध, दोन्ही हात पसरून वाऱ्यावर हलणारा सदरा.

तो जवळ गेला. सदरा हातात धरला, हुंगला. साबण आणि ऊन, दुसरं काही नाही.

"बघ कसा निघालाय!" आक्का दारातून म्हणाली. "सोडा घालून उकळला तेव्हा कुठं ते डाग गेले. तुझ्या बायकोला आली की म्हणावं, अशी कळकट..." आणि ती थांबली. तिचा भाऊ दोरीपाशी उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"काय झालं रे? अरे, बोल ना! तोंड शिवलंय का?"

घुम्यानं तेव्हा सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं, पण आक्का ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसली.

"आणि हे तू मला सकाळी सांगायचं नाहीस?"

"लाज वाटली."

"लाज!" तिनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतलं. "मेल्या, मी रुमालसुद्धा धुतला की रे."

त्या संध्याकाळी आक्कानं पोरीसमोर काय काय केलं नाही! गाणी म्हटली, वाटी वाजवली, स्वतःची कोरडी छाती लावली. पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे घुम्या दूधगाडीपाशी उभा होता. हातात धुतलेला सदरा.

"हा तिला दे. म्हणावं, दिवसभर अंगात घाल. आणि उद्या..." पुढं त्याला बोलवेना.

"उद्या कशाला? आज दुपारीच आणतो," दूधगाडीवाला म्हणाला. "चार तास घातला तरी पुरे होईल. तू तुझा दुसरा एखादा जुना सदरा काढ. एक इथं, एक तिथं. रोजची अदलाबदल करू."

अशी ती गाडी सुरू झाली. सकाळी दुधाचे कॅन आणि एक सदरा शहराला, दुपारी रिकामे कॅन आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला सदरा गावाला. पोरीनं पहिल्याच दिवशी तो ओळखला. न्हावी म्हणायचा, "नवऱ्यापेक्षा नवऱ्याचा सदराच बायकोला जास्त भेटतो."

आणि दूधगाडीवाला रोज एक नवी बातमी आणायचा. वहिनी सदरा नर्सबाईंना काढू देत नाही. वहिनी म्हणते, मला औषधाच्या साबणानं पुसू नका, माझा वास जाईल. वहिनीनं आज ताट संपवलं, म्हणते अंगात काही असेल तर सदऱ्यात उतरेल. वहिनी आज उशीला टेकून बसली होती. डॉक्टर म्हणाले, ही बाई जगायचं ठरवून बसलीय, तेवढं एक आमच्या बाजूनं आहे.

"बाकीचं?" घुम्यानं विचारलं.

दूधगाडीवाल्यानं गाडीचं दार उगीचच दोनदा लावलं. "बाकीचं आपल्या हातात नाही, म्हणाले."

असे तीन आठवडे गेले. आणि एके दिवशी पहाटेपासूनच आभाळ काळवंडून आलं. काढलेले कांदे वावरात पसरलेले, निम्मे अजून मातीत. भिजले असते तर वर्षाचं पीक कुजलं असतं. आक्का पातींच्या जुड्या बांधायला धावली. मेंढपाळानं मेंढ्या वाड्यात कोंडल्या आणि आला. न्हावीसुद्धा आला, आणि पहिल्याच वाफ्यात त्याच्या बोटाला फोड आला.

"या हातानं उद्या कुणाचा गळा कापला गेला तर मला बोलू नका," तो म्हणत होता, पण उपटत होता.

पोरगी बांधावरच्या झाडाखाली दुपट्यावर होती. ती रडायला लागली तसा घुम्या धावला. मातीचे हात अंगाला पुसले, तिला मांडीवर घेतलं, पिशवीतली बाटली काढून तोंडाला लावली. एक डोळा आभाळावर, एक कांद्यांवर. वारा सुटला होता, धूळ उडत होती, त्यानं आपल्या उघड्या पाठीचा तिला आडोसा केला.

बाटली निम्मी झाली तेव्हा आक्काचे हात थांबले. "अरे..."

घुम्यानं खाली बघितलं. घरून आणलेला सदरा अजून फांदीवरच लटकत होता. पोरगी त्याच्या उघड्या, मातीनं आणि घामानं माखलेल्या छातीला गाल लावून पीत होती. डोळे मिटलेले नव्हते. टक लावून ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि एका हातानं तिनं त्याच्या मिशीचं टोक धरलं होतं.

"सुटला की प्रश्न!" न्हावी दोन्ही हात वर करून ओरडला. "पोरीनं बाप ओळखला! आता कसला सदरा अन् कसला फिदरा!"

कुणी त्याच्यासोबत ओरडलं नाही. न्हाव्यानं हळूहळू हात खाली घेतले.

"किती दिवस झाले असतील?" आक्कानं विचारलं. "कदाचित आधीच लागत नव्हता सदरा. आपणच घालत राहिलो."

घुम्या पोरीकडं बघत राहिला. पोरगी हसली. हसताना तोंडाच्या कडेनं दूध ओघळलं. तीन आठवड्यांपूर्वी या हसण्यासाठी त्यानं काय वाटेल ते दिलं असतं. आता ती हसली आणि त्याला वाटलं, हिनं थोडं रडावं. थोडं आईला शोधावं.

वाटेवर दूधगाडीचा भोंगा वाजला. गाडीवाला खाली उतरून बांधापर्यंत आला. "चल, सदरा दे लवकर. पावसाच्या आत पूल ओलांडायचाय." मग त्याला सगळ्यांचे चेहरे दिसले, आणि पोरगी, आणि उघडा घुम्या. त्याला सगळं कळलं.

"म्हणजे आता नेऊ नको?" त्यानं विचारलं. "बरं झालं की रे. वहिनीला सांगतो, आता काळजी सोड, पोरगी अशीच पिते."

घुम्या उठला. पोरीला त्यानं खांद्यावर टाकलं. फांदीवरचा सदरा काढला, एका हातानं त्याची जमेल तशी घडी केली. घडी नीट बसेना, तेव्हा आक्का पुढं झाली आणि तिनं बाह्या आत दुमडून दिल्या.

"घे," तो म्हणाला.

"आणि तिनं विचारलं तर?"

"सांग, सदऱ्याशिवाय तोंड उघडत नाही."

दूधगाडीवाल्यानं सदरा छातीशी धरला आणि मान हलवली. गाडी धूळ उडवत निघून गेली. पोरीनं बापाच्या खांद्यावर मोठी ढेकर दिली. पावसाचे पहिले थेंब कांद्यांवर टपटपायला लागले तसे सगळे पुन्हा वाफ्यांत वाकले.