उशाशी बसायचा मान

समुद्राच्या तळाशी केबल तुटली आणि टोंगातलं वावाऊ बेट एका दुपारीत आजोबांच्या काळात जाऊन पडलं. उरली ती टेकडीवरच्या कचेरीतली एक सॅटेलाइटची डिश. सगळ्या बेटाचं इंटरनेट आता त्या एवढ्याशा वाटेनं जायचं-यायचं. कोणी आधी जायचं, कोणी थांबायचं आणि कोणाला सोडायचंच नाही, हे लुसीआने नावाची तिथली इंजिनिअर ठरवायची. पहिलं इस्पितळ, मग विमानतळ, मग लोकांचे फोन. व्हिडिओ बंद, सगळ्यांचेच. नियम तिनेच लिहिले होते आणि अर्ध्या बेटाच्या शिव्याही तिनेच खाल्ल्या होत्या.

आज ऑकलंडमध्ये तिच्याच बापाला माती देणार होते.

दुखवट्यात लेकीनं नेसायची ती भलीमोठी, कडा उसवलेली चटई कमरेला गुंडाळून ती खुर्चीत बसली होती. चटई मांडीला टोचत होती. रडून डोळे जड झाले होते. खाली उन्हात बंदर हळूहळू हलत होतं, झोपेत कूस बदलावी तसं. पडद्यावरच्या हिरव्या रेघा सरकताना तिला वाटत होतं, यातूनच बाबांची होडी येईल आणि आपण म्हणू, या बाबा, तुम्हाला कोण अडवणार?

दार उघडलं. कालोलाइने आत्या, बापाची थोरली बहीण. टोंगात भावाच्या घरी थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा, आणि भाऊ गेला की त्याच्या उशाशी बसायचा मानही तिचाच. लुसीआने खुर्ची सोडून जमिनीवर बसली.

"काय गं, माझ्या मानासेला, स्वतःच्या बापाला, रांगेत शेवटी उभं केलंस म्हणे?"

"आत्या, व्हिडिओ सगळ्यांचेच बंद आहेत."

"मी सगळ्यांतली कधीपासून झाले? विमान नाही, तर इथे बसते उशाशी. दाखव त्याचं तोंड."

आत्याला नाही म्हणायला ती शिकलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. तिने व्हिडिओ उघडला, चित्र हलेना. मग तिने डोळे मिटल्यासारखं केलं आणि त्याला इस्पितळाच्याही वर घातलं.

चर्च दिसलं. फुलं, चटयांची चवड आणि उघड्या पेटीत मानासे. आत्याने काचेवरून बोट फिरवलं.

"गाल बसले गं माझ्या बाळाचे."

दोघी बघत राहिल्या. किती वेळ, कोण जाणे. मग आत्याची नजर कोपऱ्यात गेली.

"ती रेघ का थांबली? मघाशी पळत होती."

लुसीआनेने मान खाली घातली. "इस्पितळाची आहे. कुणाच्या तरी डोक्याचे फोटो परदेशातल्या डॉक्टरकडे चाललेत."

"कुणाच्या?"

"इथे नाव दिसत नाही, आत्या."

आत्याचं बोट अजून काचेवरच होतं.

"उशाशी माझ्यापुढे कुणी बसू शकत नाही," ती म्हणाली. "पण मी उठू तर शकते ना? बंद कर."

"आत्या, अजून पेटी झाकली नाही..."

"बंद कर म्हणते ना! ऐकायचं कुणाचं?"

बाबांचा चेहरा गेला. लुसीआने ओक्साबोक्शी रडली. कोपऱ्यातली रेघ पुन्हा सरकू लागली.

फोन मात्र चालू होते. तिने चर्चमधल्या चुलतभावाला लावला आणि मोबाइल गाणाऱ्यांजवळ धरायला सांगितलं. भजन आलं, पण तुकड्यातुकड्यांनी. जिथे तुटायचं तिथे आत्या आपल्या आवाजाने सांधायची. खिडकीचे पडदे हलत होते, आणि ऑकलंड कुठे संपतं आणि ही खोली कुठे सुरू होते ते कळेनासं झालं.

मग इस्पितळाची रेघ संपली आणि गाणं सलग आलं, तरी एक जागा रिकामीच राहिली. तळाचा जाड सूर कुणी लावलाच नव्हता. आयुष्यभर तो मानासे लावायचा. आत्याने लुसीआनेकडे बघितलं.

लुसीआनेने घसा खाकरला आणि जमेल तितकं खाली उतरून तो सूर धरला.