फियाक्रा ट्यूहीची एकुलती एक भेट

"चौदा!" फियाक्रा ट्यूही संगणकाच्या पडद्यावर बोट आपटत ओरडला. "चार महिन्यांत बाईनं चौदा वेळा मंत्रालय गाठलं! कशासाठी, तर मधमाश्यांसाठी!"

बाई म्हणजे अ‍ॅट्रॅक्टा गिलहूली. मधमाशीपालक संघाची सचिव; औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, त्याच्या शेजारच्याच खोलीत बसणारी. फियाक्रा गाढवपालक संघाचा. डब्लिनचा कायदा असा, की आपल्या कामासाठी सरकारच्या मागे लागलात तर दर चार महिन्यांनी ते जाहीर नोंदवहीत कळवायचं. कुणालाच गाठलं नसेल, तर तेही कळवायचं. नऊ वर्षं फियाक्रा इमानानं 'कुणालाच नाही' कळवत होता आणि अख्खा देश ते वाचू शकत होता. मत्सरानं तो असा पेटायचा, की जानेवारीतही त्याच्या खोलीत शेगडी लागत नसे; खालचा औषधवाला हे शपथेवर सांगतो.

त्या दिवशी मात्र त्यानं नोंद ठोकलीच. कोण भेटलं: मंत्री, स्वतः. कुठे: चर्चमध्ये. विषय: म्हाताऱ्या गाढवांसाठी दवाखाना.

दुसऱ्या सकाळी अ‍ॅट्रॅक्टा दारात हजर. तोंड नासलेल्या दुधासारखं.

"खुद्द मंत्री? मेल्या, मला चौदाच्या चौदा वेळा त्यांच्या कारकुनानंच वाटेला लावलं! तुला कसे रे सापडले?"

"ओळखी असाव्या लागतात, बाई." नऊ वर्षांत फियाक्राला चहा इतका गोड लागला नव्हता.

"हात मिळवला?"

"दोन्ही हातांनी."

"आणि म्हणाले काय?"

"म्हणाले... फार वाईट वाटलं."

"गाढवांचं?"

फियाक्रा खिडकीबाहेर बघू लागला.

"कुठलं चर्च, फियाक्रा?"

"आपलंच. मार्चमध्ये."

अ‍ॅट्रॅक्टा खुर्चीत बसली. मार्चमध्ये त्या चर्चबाहेर लोकांसाठी सँडविच तिनंच कापली होती. आमच्याकडे मंत्री एकही मयत चुकवत नाहीत. शवपेटीजवळ येतात, पहिल्या बाकावरच्या घरच्यांचे हात हातात घेत पुढे सरकतात.

"अरे, ते तर तुझ्या आईच्या..."

"मी बोललो त्यांच्याशी. म्हटलं, आईला गाढवं फार आवडायची."

"मग?"

"मग पुढच्याचा हात धरला त्यांनी."

अ‍ॅट्रॅक्टा उठली. "राहू दे ती नोंद. कोण विचारतंय? मीही जरा जळून बघते."

तिच्या खोलीचं दार लागलं. फियाक्रानं नोंद उघडली, 'मागे घ्या' वर बोट ठेवलं. पडद्यानं विचारलं: कारण?

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यानं लिहिलं: 'ते सांत्वनाला आले होते.'