छबूबाईची ‘न्हाई’

“म्हस द्यायचीच म्हनल्यावर आता मागंपुढं काय बगायचं?” व्यापारी म्हणाला आणि त्यानं गोरक्षनाथाचा हात पुन्हा रुमालाखाली घेतला.

घोडेगावच्या बाजारात दर असाच, बोटांनी ठरतो. टेम्पोच्या केबिनमधून छबूबाई बघत होती. म्हैस तिची होती. नवरा गेल्यावर डेअरीला दूध घालून तिनं गोरक्षनाथाला, आपल्या पोराला, वाढवलं होतं, आणि याच बाजारात भल्याभल्या व्यापाऱ्यांना नुसत्या तोंडाच्या जोरावर पाणी पाजलं होतं.

ते तोंडच दिवाळीनंतर मिटलं. सकाळी चुलीपुढं ती कोसळली. दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली आणि जीभ परक्याची झालेली. कळत सगळं होतं, पण काही मागायला गेली की तोंडातून नुसतं “बा, बा” निघायचं.

नगरच्या दवाखान्यात बोलणं शिकवणारी सुकन्या मॅडम म्हणाली, “आजी, मेंदूतला बोलण्याचा रस्ता बंद पडला, तरी गाण्याची वाट उघडी असू शकते. आपण गाऊन बोलू.” तिनं छबूबाईला डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायला लावला आणि सुरात म्हटलं, “पाऽनी देऽ.”

छबूबाईनं तोंड फिरवलं. उभ्या जन्मात ती कुणाच्या हळदीलासुद्धा गायली नव्हती. चारचौघांत सूर लावणं तिला थिल्लरपणाचं वाटे. आणि आता साठी उलटल्यावर घोटभर पाण्यासाठी गायचं?

पण एका दुपारी गोठ्यात कुणी नसताना तिनं गव्हाणीवर हात आपटला. “पाऽनी.” शब्द सबंध बाहेर आला. म्हशीनं कान हलवले. छबूबाई मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. तेव्हापासून ती रोज गोठ्यात गायची. ‘भूक लागली’, ‘दार लाव’, ‘म्हस माजी’. माणूस दिसलं की गप्प.

त्यामुळं गोरक्षनाथाला काही पत्ता नव्हता. “शेजारनी किती दिस धार काढून देनार? एका हातानं तुला निघंल का, आई? आता सुटलीस तू,” सकाळी तो मायेनंच म्हणाला होता. तिनं जोरजोरात नकाराची मान हलवली, पण त्यानं न बघितल्यासारखं केलं.

रुमालाखालून हात बाहेर आले. सौदा ठरला. व्यापारी म्हशीचं दावं सोडायला लागला.

छबूबाईनं केबिनचं दार ढकललं. धरत धरत खाली उतरली आणि डाव्या हातानं टेम्पोच्या पत्र्यावर ठेका धरला.

“म्हऽस माऽजी... इकाऽयची न्हाऽई.”

आजूबाजूची माणसं वळली. कुणी फिस्सकन हसलं. दोघातिघांनी मोबाईल वर धरले.

“आजीबाई, बाजारात भजन लावलं व्हय?” व्यापारी म्हणाला.

तिचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तरी पत्र्यावर हात आणखी जोरात पडला. “म्हऽस माऽजी! इकाऽयची न्हाऽई!”

आईच्या तोंडून सबंध शब्द ऐकून चमकलेला गोरक्षनाथ धावत आला. “आई, गप बस. लोक हसत्यात.”

“हसू देऽ,” ती गायली.

हे शब्द तिला सुकन्यानं शिकवले नव्हते. गोठ्यातही तिनं ते कधी घोकले नव्हते. आपलाच आवाज ऐकून छबूबाई थबकली. मग साऱ्या बाजाराकडं तोंड करून तिनं पुन्हा सूर लावला, “हसू देऽ! म्हऽस माऽजी!”

हसणं विरलं. मोबाईल खाली आले. व्यापाऱ्यानं दावं गोरक्षनाथाच्या हातात दिलं. “म्हातारीला आदी इचारायचं व्हतं रं,” तो म्हणाला आणि पुढच्या जनावराकडं वळला.

परतीच्या वाटेवर गोरक्षनाथ टेम्पो चालवत होता. “मग धार कोन काढनार?” त्यानं विचारलं.

छबूबाईनं मांडीवर ठेका धरला. “तूऽ.”

संध्याकाळी तो म्हशीखाली बसला. हात सरावाचा नव्हता. निम्म्या धारा बादलीबाहेर जात होत्या आणि म्हैस पाय झाडत होती. भिंतीला टेकून छबूबाई सांगत होती, “हळूऽ... हळूऽ.” शेजारणी कुंपणाशी थांबून बघायला लागल्या. तिनं आवाज खाली आणला नाही.