पट्टीतली सहावी खिडकी

खोपोलीत चंदरचा फोटो स्टुडिओ होता आणि त्र्याहत्तर साली त्यानं एक नवी टूम काढली होती. काळ्या जाड पुठ्ठ्याची लांब पट्टी घ्यायची, दोन्ही कडांना पटाशीनं चौकोनी भोकं पाडायची आणि मधे ओळीनं खिडक्या कापून त्यांत फोटो बसवायचे. लांबून पाहिलं तर थेट सिनेमाची फिल्म. लोक खुळावले होते.

जवळच्या चौक गावच्या श्रीपतनं हायवेला गॅरेज काढलं, तेव्हा त्यालाही तशी पट्टी हवी झाली. आई-बाप, भाऊ, तो स्वतः, सगळं घराणं भिंतीवर. त्यानं आणलेले फोटो टेबलावर पसरले आणि एकावर बोट ठेवलं. लग्नातला होता. नवरा-नवरी शेजारी उभी, दोघंही कॅमेऱ्याला घाबरलेली.

"हा आमचा दादा, नामा. काविळीनं वारला. याला घे. हिला काढ."

"वहिनी ना तुमची?"

"व्हती. दादा गेला आन् वरसाच्या आत हितं कारखान्यात कामाला लागली. घरातून गेली ती फोटोतूनबी गेली. तू तुजं काम कर रं."

चंदरनं फार विचारलं नाही. खरं तर जुन्या फोटोवरून आधी नवी निगेटिव्ह घ्यायची, तिची प्रत काढायची आणि ती कापायची, अशी त्याची स्वतःचीच रीत होती. पण गॅरेजचं उद्घाटन रविवारी, हातात दोन दिवस, त्यात जुना फोटो मापाला बरोब्बर बसत होता. त्यानं फुटपट्टी टेकवली आणि ब्लेड ओढलं. नामाच्या बाहीला नवरीच्या पदराची कड चिकटून राहिली होती, ती काळ्या शाईनं बुजवली. सहाव्या खिडकीत नामा असा काही बसला, जणू जन्मभर एकटाच होता.

शनिवारी दुपारी चंदरनं तयार पट्टी मिरवायला दर्शनी काचेत उभी केली, आणि तिथंच तो फसला. कारखान्याची पहिली पाळी सुटली होती. रस्त्यानं चाललेली एक बाई काचेशी थबकली, आणि तशीच तरातरा आत आली.

"फोटोवाले, तो सहावा फोटो कुटून आनला?"

"का? तुमाला काय करायचंय?"

"माजा हाय तो. मी बायजा. सासूनं नेला व्हता माज्याकडून, नामाची पूजा करायची हाय म्हनून. चार दिसांनी धाडते म्हनली. दुसरा नाय माज्यापाशी."

कापलेला फोटो एकुलता होता, हे चंदरला उमगलं. पण चूक आपली असली की माणूस आधी चिडतो, तसा तो चिडला.

"गिऱ्हाईक आणील ते मी बसवतो. भांडायचं तर चौकला जा."

"जाईन. आधी माजी बाजू दे. कापलीस ती."

ती कुठं आहे हे चंदरला पक्कं ठाऊक होतं. फोटो चिकटवताना टेबल खराब होऊ नये म्हणून तो रद्दीचे कागद खाली घेई, त्यांतच तीही गेली होती. त्यानं ती ओढून काढली. मुंडावळ्या दिसत होत्या. तोंडावर मात्र ब्रश फिरून फिरून चिकटवायच्या खळीचा थर वाळला होता. बायजानं नखानं खरवडून पाहिलं, तर खळीबरोबर गालही निघून आला. खाली नुसता पांढरा कागद.

"तुज्या बायकोच्या तोंडाला फासशील का रं अशी खळ?" तिनं विचारलं. आवाज चढवला नाही.

चंदर काही बोलणार, तेवढ्यात बाहेर टेंपो थांबला आणि श्रीपत आत आला.

"वयनी? तू हितं काय करतेस?"

"माजा नवरा न्यायला आले."

"नवरा! कारखान्यात जाताना नाय आठवला?"

"तुज्या आईनं खोटं बोलून फोटो नेला. तो दे, जाते मी."

श्रीपतनं तिच्याकडे पाठ फिरवली. "चंदर, पट्टी बांध. आन् हिला भायेर काढ."

'हिला काढ' हे चंदर दुसऱ्यांदा ऐकत होता. पहिल्या वेळी त्यानं निमूट ऐकलं होतं. आता मात्र त्याचं डोकं सणकलं. त्यानं काचेतली पट्टी उचलली, उपडी घातली आणि सहाव्या खिडकीच्या कडेनं ब्लेड घातलं.

"फोटो तिचा हाय, शेठ."

श्रीपतनं त्याची गचांडी धरली आणि एक सणसणीत थोबाडीत दिली. ब्लेड सरकून चंदरच्या तळहातात गेलं. तरी त्यानं पट्टी सोडली नाही. रक्ताच्या बोटांनी नामाला सोडवलं आणि बायजापुढे धरलं.

"आमच्या चौकचं एक गिऱ्हाईक तुज्या पायरीला लागू देनार नाय," श्रीपत म्हणाला. भोक पडलेली पट्टी काखोटीला मारून तो निघून गेला.

चंदरनं हाताला फडकं गुंडाळलं. "दोन्ही तुकडे ठेवून जा," तो म्हणाला, "जोडून नवी निगेटिव्ह घेतो. गाल रंगवून देतो, फुकट. सांधा थोडा दिसंल."

बायजानं फोटोवरचं रक्त पदरानं पुसलं.

"तुज्या हातानं नगं," ती म्हणाली आणि दोन्ही तुकडे पिशवीत ठेवून पायऱ्या उतरली.

श्रीपतनं शब्द खरा केला. त्या हंगामात चौकची सगळी लग्नं कर्जतच्या फोटोग्राफरकडे गेली. चंदर पट्ट्या करतच राहिला, दुसऱ्या गावांच्या.

सहा महिन्यांनी कशेळ्याच्या बाजारात बायजा त्याला दिसली. न राहवून तो जवळ गेला.

"फोटो जोडलात का?"

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अजून कापतोस का?" एवढंच विचारलं आणि उत्तराला न थांबता ती सुक्या मासळीवाल्यांच्या गर्दीत शिरली.